ढोलाचे पथ्य

दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या व्यसनातून माणूस बाहेर पडतो तो कशाच्या बळावर, या प्रश्नाला आधुनिक वैद्यक एक उत्तर देते आणि उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाज दुसरे. वैद्यकाच्या दृष्टीने व्यसन हा रोग आहे. तो रोग्याच्या शरीरात आणि मनात असतो, त्यामुळे उपचारही त्या एकट्यावर होतात. मूलनिवासींच्या बऱ्याच परंपरांत दारूत बुडालेला माणूस हा नात्यांतून निसटलेला माणूस समजला जातो. आप्त, पूर्वज, जमीन आणि ज्या शक्तींच्या आधाराने जग चालते त्या शक्ती, या सगळ्यांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. त्याला परत आणण्याच्या वाटेवर गाणे आणि ढोल यांना तिथे फार मोठे स्थान आहे. हे स्थान मन रमवण्याच्या साधनाचे नव्हे. गाणे हे त्या नात्यांप्रती असलेले कर्तव्य आहे, आणि ते पार पाडायला माणूस शुद्धीत असावा लागतो.

यातूनच या विषयातला खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो. गाण्यामुळे दारू सुटते, की गाता यावे म्हणून दारू सोडावी लागते? पहिल्या मांडणीत गाणे औषध ठरते, दुसरीत दारू सोडणे हे गाण्याचे पथ्य ठरते. रोजच्या व्यवहारात दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. तरीही मूलनिवासींच्या इतिहासात शोध घेतला तर जोर दुसऱ्या मांडणीवरच पडलेला आढळतो, आणि तिचे बळही तिथेच आहे.

‘मूलनिवासी संस्कृती’ असे एकवचनी नाव सोयीपुरतेच वापरता येते. अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता असलेल्या जमाती सुमारे पावणेसहाशे आहेत. त्यांच्या भाषा वेगळ्या, विधी वेगळे आणि गाण्याचे हक्कही वेगळे. अनेक जमातींत गाणे कोणाच्या तरी मालकीचे असते. ते एखाद्या घराण्याचे असते, एखाद्या मंडळाचे असते किंवा ज्याला ते स्वप्नात मिळाले त्याचे असते. दुसऱ्याने ते परवानगीशिवाय म्हणायचे नसते. न्यू मेक्सिकोतील प्वेब्लो गावांत कित्येक विधिगीते बाहेरच्या माणसाच्या कानावर पडू देत नाहीत. त्यामुळे कोणालाही, कुठेही लागू पडेल असे ‘मूलनिवासी संगीत’ नावाचे औषध अस्तित्वात नाही. त्या त्या लोकांची गाणी आहेत आणि ती म्हणण्याचे त्यांचे नियम आहेत.

आणखी एक समजूत आधीच दूर केली पाहिजे. ‘यांच्या रक्तालाच दारू सोसत नाही’ हे वाक्य युरोपीय व्यापाऱ्यांच्या काळापासून चालत आले आहे, आणि मूलनिवासींपैकी अनेकांनीही ते खरे मानले आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीत आदल्या महिनाभरात दारूला स्पर्शही न केलेल्यांचे प्रमाण मूलनिवासींमध्ये सुमारे 60 टक्के आणि गोऱ्यांमध्ये सुमारे 43 टक्के आढळले. एका बैठकीत बेसुमार पिणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. असे असूनही दारूमुळे आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनामुळे होणारे मृत्यू मूलनिवासींमध्ये कितीतरी अधिक आहेत. त्यामागे गरिबी आहे, दूरवरची इस्पितळे आहेत, उपचारांची वानवा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख आहे. ज्याला लहानपणापासून ‘तुझ्या रक्तातच हे आहे’ असे सांगितले जाते, त्याला प्रयत्न करण्याचे कारणच उरत नाही. ही समजूत म्हणूनच व्यसनाइतकी घातक आहे.

संस्कृती आणि व्यसनमुक्ती यांच्या नात्याचे सर्वांत मोठे जुने उदाहरण सेनेका लोकांचे आहे. सेनेका ही हॉडेनोशोनी, म्हणजे इरॉक्वॉय, महासंघातील एक जमात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात 1779 साली वॉशिंग्टनच्या फौजेने त्यांची गावे आणि उभी पिके जाळली. 1797 च्या करारात उरलीसुरली बहुतेक जमीन गेली आणि लोक लहान लहान राखीव तुकड्यांवर येऊन पडले. शिकार आटत चालली होती, लढाई संपली होती, पुरुषांना करण्यासारखे काही उरले नव्हते. कातड्यांच्या मोबदल्यात व्यापारी दारू देत होते. अॅलेगेनी नदीकाठच्या वस्तीत कॉर्नप्लांटर या नायकाचा सावत्र भाऊ दारूने खंगून अंथरुणाला खिळला होता. त्याचे नाव हँडसम लेक, वय साठीच्या पुढचे. 1799 च्या जूनमध्ये तो घराच्या दारात कोसळला. घरच्यांना वाटले, गेला. पण अंगात ऊब होती. काही वेळाने तो शुद्धीवर आला आणि आपल्याला आकाशदूत भेटल्याचे सांगू लागला.

त्या आणि त्यानंतरच्या दर्शनांतून जी शिकवण उभी राहिली ती ‘हँडसम लेकची संहिता’ म्हणून ओळखली जाते. तिच्यातली पहिलीच आज्ञा दारूविरुद्ध आहे. या विषयाच्या दृष्टीने तिच्या सुरुवातीला येणारी एक कबुली अधिक मोलाची आहे. आजारपणात हँडसम लेक स्वतःच्या पापांचा आढावा घेतो, तेव्हा पिण्याबरोबरच आणखी एक गोष्ट त्याला टोचते. पवित्र गाणी, त्यात मृतांसाठीच्या विधीची गाणीही आली, त्याने नशेत म्हटली होती. दारू वाईट असण्याचे एक कारण ती शरीर पोखरते हे आहे, आणि दुसरे, त्याला अधिक जिव्हारी लागलेले, कारण ती गाणे बाटवते हे आहे. मृतांचे गाणे मृतांसाठी असते. ते झिंगून म्हणणे म्हणजे ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांचा अपमान करणे.

म्हणूनच हँडसम लेकने नुसती बंदी घालून भागवले नाही. चार मुख्य विधी त्याने कायम ठेवले आणि समाजाच्या वार्षिक जीवनाचा कणा बनवले: पिसांचे महानृत्य, कृतज्ञतेचे ढोलनृत्य, प्रत्येक पुरुषाचे स्वतःचे वैयक्तिक गाणे आणि वाटीचा खेळ. पिसांच्या महानृत्यात दोन गायक लांब बाकावर समोरासमोर बसतात. हातात कासवाच्या कवचाचा खुळखुळा असतो. कासवाची ताणून वाळवलेली मान हीच त्याची मूठ, आणि पोटात बिया किंवा खडे. तो बाकाच्या कडेवर आपटला की लाकूड आणि कवच यांचा एक कोरडा, भरीव ठोका उमटतो, त्यावर गाणे चढते आणि भोवती नाचणाऱ्यांची रांग फिरते. अशा सभेत झिंगलेला माणूस बाकावर बसू शकत नाही. ठोका चुकला तर नाच मोडतो, आणि नाच हा सृष्टिकर्त्याप्रती असलेला ऋणनिर्देश असतो.

राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी 1802 मध्ये हँडसम लेकला पत्र लिहून त्याच्या दारूविरोधी कार्याची प्रशंसा केली. क्वेकर मंडळी 1798 पासून तिथे शेती शिकवत होती, त्यांचाही पाठिंबा होता. पण दारू सोडण्याचा जोर सरकारच्या कौतुकातून किंवा क्वेकरांच्या नांगरातून आलेला नाही, तो लांबघरातल्या, म्हणजे विधींसाठीच्या सामुदायिक घरातल्या, सभेतून आला. तिथे माणूस सर्वांसमोर कबुली देई आणि सर्वांसमोर पुन्हा नाचात घेतला जाई. या चळवळीला काळी बाजूही होती. चेटकाचे आरोप झाले आणि त्यात जीव गेले. धर्मसुधारणेच्या आवेशात असे घडते, आणि ते झाकून हँडसम लेकची थोरवी सांगण्यात अर्थ नाही. 1815 मध्ये ओनोंडागा येथे तो वारला. त्याची संहिता आजही लांबघरांत तोंडपाठ सांगितली जाते. ती पूर्ण सांगायला सलग काही सकाळी लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन सरकारने नेमकी हीच मुळे तोडायला घेतली. 1883 मध्ये गृहखात्याने ‘इंडियन गुन्ह्यां’ची नियमावली काढली आणि सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरवले. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा म्हणून शिधा दहा दिवसांपर्यंत बंद करता येत असे. ज्यांची शिकार आणि जमीन आधीच काढून घेतली होती त्यांच्यासाठी शिधा बंद होणे म्हणजे उपासमार. कॅनडाने 1885 पासून 1951 पर्यंत पॉटलॅच या दान-मेजवानीच्या विधीवर बंदी ठेवली. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली आणि तिच्या धर्तीवर इतर अनेक. तिथे मुलांचे केस कापले, भाषा बंद केली, घरची गाणी बंद केली. गंमत म्हणावी तर क्रूर, अशी गोष्ट ही की या शाळांत संगीत भरपूर होते. पितळी वाद्यांचे बँड होते, कवायत होती, भजने होती. मुलांना गाता येत होते, फक्त आपले गाणे गाता येत नव्हते. ज्या धर्माचरणाने दारूला आळा घातला होता ते सरकारने दाबले आणि दारूसाठी वेगळे कायदे केले. मूलनिवासींना दारू विकण्यावरची केंद्रीय बंदी 1953 मध्ये जाऊन उठली. मूलनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा तर 1978 पर्यंत झाला नव्हता.

दडपशाहीच्या या काळातही नवी गाणी जन्मली, आणि बहुतेक नव्या चळवळींत दारूचा त्याग मध्यभागी होता. 1882 च्या सुमारास वॉशिंग्टन प्रदेशात प्युजेट साउंडजवळ जॉन स्लोकम आणि त्याची बायको मेरी यांच्यापासून इंडियन शेकर चर्च सुरू झाले. हातातल्या घंटा, मेणबत्त्या, पायांचा ठेका, आणि दारूला पूर्ण मनाई. मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागात ओजिब्वे लोकांकडे ‘मोठा ढोल’ आला तो टेलफेदर वुमन नावाच्या डकोटा स्त्रीकडून. परंपरा सांगते की सैनिकांपासून पळताना ती पाण्यात लपून राहिली, आणि तिथे तिला ढोल कसा करायचा आणि कसा सांभाळायचा हे सांगितले गेले. डकोटा आणि ओजिब्वे हे जुने वैरी होते, त्यामुळे तो ढोल समेटाची भेट म्हणून हातोहात गेला.

या सर्वांत गुंतागुंतीचे आणि विचाराला सर्वांत जास्त खाद्य देणारे उदाहरण नेटिव्ह अमेरिकन चर्चचे आहे. पेयोटी हे टेक्सास आणि मेक्सिकोच्या वाळवंटात वाढणारे काटे नसलेले छोटे निवडुंग. त्यात मेस्कलिन असते, आणि त्याने जाणिवेत मोठा बदल होतो. कोमांची नायक क्वाना पार्करसारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या विधीचा प्रसार केला. 1918 मध्ये संसदेत पेयोटीवर बंदी आणण्याचे प्रयत्न चालू असतानाच ओक्लाहोमात या चर्चची रीतसर नोंदणी झाली. या पंथाच्या शिकवणीत दारू वर्ज्य आहे. मग प्रश्न येतो: एका मादक द्रव्यापासून सुटण्यासाठी दुसरे घेणे ही सुटका कशी?

उत्तर विधीच्या रचनेत आहे. सभा तंबूत, सूर्यास्तानंतर भरते आणि उजाडेपर्यंत चालते. मध्ये अग्नी, त्याच्यापुढे मातीची चंद्रकोर. विधी चालवणाऱ्याला ‘रोडमन’, म्हणजे वाट दाखवणारा, म्हणतात. ढोल लोखंडाचा, तीन पायांचा छोटा हंडा असतो. त्यात थोडे पाणी घालून तोंडावर ओले हरणाचे कातडे ताणतात. कडेला कातड्यात सात गोट्या गुंडाळून त्यांच्याभोवती दोरी अशी आवळतात की हंड्याच्या तळाशी दोरीचीच चांदणी तयार होते. वाजवणारा मधूनमधून हंडा हलवून आतल्या पाण्याने कातडे भिजवतो आणि अंगठ्याने दाबून स्वर वर-खाली नेतो. ठोका वेगवान, एकसारखा, आणि पाण्यामुळे त्याला एक ओलसर गुंजन असते. प्रत्येकाने दंड आणि पंखा एका हातात, खुळखुळा दुसऱ्या हातात धरून चार गाणी म्हणायची, शेजाऱ्याने ढोल धरायचा. मग दंड पुढच्याकडे. आरंभाचे, मध्यरात्रीचे, पहाटेच्या पाण्याचे आणि समारोपाचे गाणे ठरलेले असते, ती रोडमन म्हणतो. पहाटे एक स्त्री पाणी घेऊन येते आणि प्रार्थना करते.

या बैठकीत नुसता श्रोता कोणी नसतो. ज्याची पाळी आली त्याने आवाज काढावा अशी अपेक्षा असते, आणि तो काढत असताना कुटुंब, आजारी मूल, तुरुंगातला भाऊ यांच्यासाठी प्रार्थना चालू असते. दारू पिणारा माणूस एकांतात किंवा बेशुद्धीकडे नेणाऱ्या संगतीत पितो. इथे तो रात्रभर जागा राहतो, बसलेल्या जागी राहतो आणि दुसऱ्यांच्या उपयोगी पडतो. द्रव्याचा रासायनिक परिणाम खरा आहे, पण त्याचा अर्थ या रचनेतून ठरतो. नॅव्हाहो लोकांतील चर्चच्या सदस्यांवर झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ विधीपूर्वक सेवन करणाऱ्यांच्या बुद्धीवर किंवा मनावर दुष्परिणाम आढळले नाहीत. अर्थात सर्वच मूलनिवासींना हा मार्ग मान्य नाही. नॅव्हाहो परिषदेनेच 1940 मध्ये पेयोटीवर बंदी घातली होती आणि 1967 मध्ये ती उठवली.

या प्रश्नाचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लागला तो एका व्यसनमुक्ती समुपदेशकाच्या खटल्यात. अल्फ्रेड स्मिथ हे क्लॅमथ जमातीचे, स्वतः दारूतून बाहेर पडलेले आणि मूलनिवासींच्या व्यसनमुक्तीच्या कामात अनेक वर्षे घालवलेले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी गॅलन ब्लॅक यांनी ऑरेगनमध्ये चर्चच्या विधीत पेयोटी घेतली. ते काम करत त्या व्यसनमुक्ती केंद्राचा नियम असा होता की समुपदेशकाने कोणतेही मादक द्रव्य घ्यायचे नाही. दोघांची नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला गेला. 1990 मध्ये न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने राज्याची बाजू उचलली: सर्वांना सारखा लागू होणारा कायदा धर्माच्या आड आला म्हणून कोणाला सूट मिळत नाही. त्या निकालाविरुद्ध एवढी खळबळ उडाली की संसदेने 1993 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा केला आणि 1994 मध्ये मूलनिवासींच्या विधीतील पेयोटीला स्वतंत्र संरक्षण दिले. नियमाच्या नजरेत स्मिथ हे पुन्हा घसरलेले होते. त्यांच्या परंपरेच्या नजरेत ते त्या रात्री प्रार्थनेला बसले होते. व्यसनमुक्तीची व्याख्या ‘काय घेतले नाही’ एवढ्यावर केली तर दुसरी नजर कायमची अंध ठरते, आणि या खटल्यातली चूक नेमकी ती होती.

पेयोटीचा मार्ग थोड्यांचा आहे. पाउवाउचा, म्हणजे गाण्या-नाचाच्या सामुदायिक मेळाव्याचा, मोठा ढोल मात्र आज बहुतेक जमातींत पोहोचला आहे. 1950 च्या दशकात सरकारने मूलनिवासींना राखीव प्रदेशांतून लॉस एंजेलिस, शिकागो, मिनीॲपोलिस अशा शहरांत हलवण्याची योजना राबवली. अनोळखी शहरात वेगवेगळ्या जमातींचे लोक भेटायचे ते बहुधा दारूच्या गुत्त्यांत. त्यांना दुसरी भेटण्याची जागा दिली ती शहरांतल्या इंडियन केंद्रांनी आणि तिथल्या ढोलांनी. एका ढोलाभोवती चार-पाच ते दहा-बारा गायक बसतात. मुख्य गायक पहिली ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात, आणि मधूनच जोरदार मानाचे ठोके पडतात. बरीचशी गाणी अर्थवाही शब्दांविना, केवळ स्वरोच्चारांवर उभी असतात. निवासी शाळांनी ज्यांची भाषा हिरावून घेतली त्यांच्या नातवंडांना हे फार मोठे दान आहे. लकोटा, क्री आणि चॉक्टॉ मुलगा एकाच ढोलाला बसून तेच गाणे म्हणू शकतात, आणि कोणालाही आपली मोडकीतोडकी भाषा लपवावी लागत नाही.

या ढोलाचे नियम कडक आहेत. ढोल सजीव मानला जातो. त्याला तंबाखू वाहतात, झाकून ठेवतात, त्याच्यावर वस्तू ठेवत नाहीत, त्याला एकटे सोडत नाहीत. दारू प्यायलेल्याने त्याला हात लावायचा नाही. काही मंडळांत शेवटच्या घोटानंतर चार दिवस गेल्याशिवाय काठी हाती घेता येत नाही. पाउवाउच्या मैदानात दारू आणि अमली पदार्थांना सरसकट बंदी असते, आणि वर्षअखेरच्या रात्री, जेव्हा इतरत्र पेले भरलेले असतात, अनेक ठिकाणी खास ‘सोबरायटी पाउवाउ’ भरतात. पथ्याची खरी ताकद इथे दिसते. दारू सोडणे हा एक अभाव आहे. अभावाकडे पाहत माणूस फार दिवस चालू शकत नाही. ‘शनिवारी ढोलाला बसायचे आहे, माझ्यावाचून एक आवाज कमी पडेल’ हे मात्र पाहण्यासारखे काहीतरी आहे. तलफ आली की तिच्याशी झुंजण्याऐवजी तो चार दिवस मोजतो, आणि तेवढ्यात गटातला एखादा वडीलधारा त्याला गाडीत घालून सरावाला नेतो.

हीच गोष्ट अमेरिकन तत्त्वचिंतक विल्यम जेम्स यांनी दुसऱ्या बाजूने पाहिली होती. 1902 मधल्या ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ या ग्रंथात त्यांनी धार्मिक परिवर्तनाने मद्यपी सुटल्याच्या उदाहरणांची दखल घेतली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे सहसंस्थापक बिल विल्सन यांच्यावर त्या पुस्तकाचा प्रभाव पडला. 1935 मध्ये सुरू झालेल्या मद्यपींच्या या स्वमदत संघटनेच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या मूलनिवासी वस्त्यांतही पोहोचल्या, पण पहिलीच पायरी अनेकांना खटकली. दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करणे गोऱ्या व्यावसायिकाच्या अहंकाराला औषध असेल. ज्यांना शंभर वर्षे हतबलच ठेवले गेले त्यांना ती कबुली अपमानासारखी वाटते.

या अडचणीला मोहिकन वंशाच्या डॉन कॉयहिस यांनी सर्जक उत्तर दिले. 1988 मध्ये त्यांनी व्हाइट बायसन ही संस्था स्थापन केली, आणि पुढे तिथून वेलब्रायटी चळवळ वाढली. बारा पायऱ्या त्यांनी वर चढणाऱ्या शिडीऐवजी वर्तुळात मांडल्या, चार दिशांना तीन-तीन. वर्तुळात कोणी खालच्या पायरीवर नसतो. ‘रोगी झाड उपटून चांगल्या मातीत वाढवले आणि पुन्हा त्याच रोगट जंगलात लावले तर ते पुन्हा सुकते’ अशी त्यांची भूमिका आहे. उपचार त्यामुळे जंगलावर, म्हणजे अख्ख्या समाजावर, व्हायला हवा.

अख्खा समाज बदलल्याचे बहुचर्चित उदाहरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या अल्कली लेक या वस्तीचे आहे. सेक्वेपेम्क लोकांच्या या गावात 1970 च्या सुमारास दारू घराघरांत होती. 1972 मध्ये एका लहान मुलीने दारुड्या आईबापांच्या घरी जायला नकार दिला. फिलिस आणि अँडी चेल्सी या तिच्या आईवडिलांनी दारू सोडली. अँडी पुढे नायक निवडून आले, आणि जवळजवळ दीड दशकात गावातले बहुतेक प्रौढ दारूमुक्त झाले. या घटनाक्रमात एक बारकावा आहे, आणि संस्कृतीचे गुणगान करणारे तो विसरतात. इथे सुरुवात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकींनी आणि एका ख्रिस्ती धर्मबंधूच्या मदतीने झाली. स्वेदगृह, म्हणजे घाम गाळण्याचा शुद्धिविधी, ढोल आणि पाउवाउ नंतर परत आले. आधी माणसे शुद्धीत आली, मग त्यांना गाणे आठवले, आणि गाण्याने त्यांना शुद्धीत टिकवले. शुद्धीत आल्यावरच निवासी शाळेत झालेल्या अत्याचारांविषयी बोलायला त्यांना बळ मिळाले. पथ्य आणि औषध यांचा क्रम सगळीकडे एकच असतो असे नाही.

गाणी परत येण्यासाठी ती कुठेतरी शिल्लक असावी लागतात. फ्रान्सिस डेन्समोर, अॅलिस फ्लेचर आणि ओमाहा जमातीचे फ्रान्सिस ला फ्लेश यांनी मेणाच्या नळ्यांवर केलेली ध्वनिमुद्रणे कित्येक दशके वॉशिंग्टनच्या संग्रहात पडून होती. 1979 पासून त्यांच्या प्रती जमातींना परत देण्याचे काम सुरू झाले. ज्या सरकारने गाणे बंद पाडले त्याच्याच कपाटात ते सापडले. अलास्कातील युपिक लोकांकडे तसे कपाटही नव्हते. मोरेव्हियन मिशनरी 1885 मध्ये कुस्कोक्विम नदीकाठी आले आणि नृत्य बंद पडले. तरीही काही गावांत ते वृद्धांच्या अंगात टिकले. आज युपिक तरुणांसाठीच्या क्युंगास्विक या प्रतिबंधक उपक्रमात दारू आणि आत्महत्या यांपासून बचाव म्हणून शिकार, बर्फावरून प्रवास आणि अशीच पूर्वापार कामे वडीलधाऱ्यांच्या सोबतीने केली जातात. आणि टिकून राहिलेल्या त्या नृत्यात पातळ चौकटीच्या ढोलावर बारीक काठीने ठोके पडतात, पुरुष गुडघे टेकून आणि स्त्रिया उभ्या राहून नाचतात, आणि हातवाऱ्यांतून सील मारण्याची किंवा बोरे वेचण्याची गोष्ट सांगतात.

शास्त्रीय पुरावा आहे, पण बेताचा. मध्य-पश्चिम अमेरिका आणि कॅनडातील राखीव प्रदेशांवरील एका अभ्यासात, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पारंपरिक आचार आणि अध्यात्म यांत सहभागी होणाऱ्यांमध्ये दारू सोडलेल्यांचे प्रमाण अधिक दिसले. लॉस एंजेलिसमध्ये इन्युपियाक वंशाचे मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल डिकरसन यांनी ढोलवादनावर आधारलेला बारा आठवड्यांचा उपचारक्रम तयार केला. त्यात वादनाबरोबर चार दिशांचे चक्र आणि वेलब्रायटीच्या पायऱ्या आहेत. सुरुवातीच्या चाचण्या लहान गटांवर झाल्या आणि उत्साहवर्धक ठरल्या. त्यातून निघालेल्या अडचणीही शिकण्यासारख्या आहेत. एका शहरात पन्नास जमातींचे लोक असताना गाणे कोणाचे घ्यायचे? काही जमातींत स्त्रिया मोठ्या ढोलाला बसत नाहीत, तर काहींत बसतात. मग व्यसनातून सावरणाऱ्या स्त्रीला काठी द्यायची की नाही? हे प्रश्न प्रयोगशाळा सोडवू शकत नाही, ते वडीलधाऱ्यांना विचारावे लागतात.

मर्यादा स्पष्ट ओळखल्या पाहिजेत. दारू एकदम बंद केल्यावर येणारा कंप आणि भ्रम जीवघेणा असू शकतो, त्याला इस्पितळ लागते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिनने जीव वाचतात, आणि ती औषधे घेणाऱ्याला ‘तू अजून शुद्ध नाहीस’ म्हणून विधीतून दूर ठेवणे हा पथ्याचा चुकीचा अर्थ आहे. चार दिवसांचा नियम माणसाला नशेत गाण्यापासून अडवण्यासाठी आहे, जगण्यापासून अडवण्यासाठी नव्हे.

ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने ॲरिझोना, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि ऑरेगन या चार राज्यांत गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्यातून पारंपरिक उपचारांचा खर्च देण्यास मंजुरी दिली. कॅलिफोर्नियात ही सोय व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी आहे. उपचार देणारा खरा जाणकार आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार मूलनिवासींच्या आरोग्यकेंद्रांकडेच ठेवला गेला आहे. 1883 मध्ये ज्या विधींसाठी शिधा तोडला जात होता, त्यांच्यासाठी आता सरकार पैसे मोजायला तयार झाले आहे, आणि हा न्याय उशिरा आला असला तरी खरा आहे. मात्र विम्याला रुग्ण लागतो, तासांचा हिशेब लागतो आणि निष्पत्ती लागते. स्वेदगृहात किंवा ढोलाभोवती बसलेल्यांत रुग्ण कोणता आणि बरा कोणता असा भेद नसतो. तिथे काही गाणी पैसे घेऊन म्हणायची नसतात, काही टिपून ठेवायची नसतात. त्यामुळे कोणता विधी विम्याच्या कागदावर आणायचा आणि कोणता त्याच्याबाहेर ठेवायचा हे प्रत्येक जमातीला स्वतः ठरवावे लागेल.